खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी, १९२६ – १४ ऑगस्ट, १९८४) हे भारतीय मल्ल होते. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते उतरू शकले नाहीत.

जडणघडण

सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर या गावी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते आणि तेच खाशाबांचे पहिले वस्ताद. कराडच्या टिळक हायस्कुलात शालेय शिक्षण घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. देहयष्टी लहानखुरी असल्याने ताकदीपेक्षा चपळाईवर आणि डावपेचांवर त्यांचा भर असे. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

ऑलिंपिक

१९४८ साली लंडनला कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते गेले. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटची सवय नव्हती, तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. हेलसिंकीच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले; गावकऱ्यांनीही यथाशक्ती हातभार लावला. तेथे जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवपुढे उभे करण्यात आले. नियमावर बोट ठेवून दाद मागणारा भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. परतल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

गुडघ्याची दुखापत

१९५५ साली ते मुंबई राज्याच्या पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. मेलबर्नची आस मनात असतानाच गुडघा जायबंदी झाला आणि तिसरे ऑलिंपिक हुकले.

कुस्तीगिराच्या दृष्टीने गुडघ्याची दुखापत ही केवळ सांध्याची राहत नाही, ती मांडीपर्यंत पोचते. पाय जमिनीत रुतलेला असताना धड पिळले गेले, की गुडघ्यातील अस्थिबंध म्हणजेच लिगामेंट ताणले जातात, प्रसंगी तुटतात. सांध्याला सूज आली, की मांडीच्या पुढील मोठ्या स्नायूला मज्जातंतूंकडून मिळणारी चेतना मंदावते. स्नायू शाबूत असूनही पूर्ण आकुंचन पावत नाही आणि थोड्याच दिवसांत मांडी बारीक दिसू लागते. तालमीत वर्षानुवर्षे हजारो बैठका मारून जी मांडी घडते, ती अशी पाहता पाहता झिजावी, हे पाहणाऱ्यालाही खिन्न करणारे असते. गुडघा सरळ करणे, बसल्या जागेवरून उसळून उठणे, प्रतिस्पर्ध्याचे वजन पेलणे ही सारी कामे याच स्नायूची. मागच्या बाजूचे स्नायू नडगीला पुढे सरकू देत नाहीत. त्यामुळे अस्थिबंधावरचा भार हलका होतो.

तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी मांडीच्या बाहेरील बाजूची पट्टी वापरून नवा बंध करण्याचा प्रयोग ब्रिस्टलचे शल्यविशारद हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ सालीच प्रसिद्ध केला होता. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना क्रमाक्रमाने वजन वाढवून व्यायाम देण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी रूढ केली. तिचा लाभ गुडघ्याच्या रुग्णांनाही झाला. तरीही खाशाबांच्या काळात अशा शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवण्याचा प्रघात होता. त्याने बंध सुरक्षित राहत असे, पण मांडी आणखी क्षीण होई. दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया आणि पहिल्या दिवसापासून मांडी आवळण्याचा व्यायाम या गोष्टी पुष्कळ नंतरच्या. आता खेळाडूला पुन्हा मैदानात सोडण्यापूर्वी दुखऱ्या पायाच्या मांडीची ताकद मोजतात. ती दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरावी अशी अपेक्षा असते. त्याला बहुधा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मल्लाची बैठक आणि आजच्या भौतिकोपचारातील व्यायाम यांचे नाते जवळचे आहे, हेही येथे नोंदवावेसे वाटते.

पोलीस सेवा व अखेर

पोलीस खात्यांतर्गत स्पर्धांत खाशाबांनी यश मिळवले, क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. १९८२ सालच्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या क्रीडाज्योतीच्या दौडीत त्यांचा सहभाग होता. मात्र हयातीत त्यांच्या वाट्याला मोठा शासकीय सन्मान आला नाही. १४ ऑगस्ट, १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, तोही २००० सालचा. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात २०१० सालच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी उभारलेल्या कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.