रेचल कार्सन आणि रिकामी घरटी

परीक्षेत डीडीटीवर शॉर्ट नोट लिहून आपण मोकळे होतो. त्या शॉर्ट नोटमागे एक बाई आहे.

रेचल कार्सनचा जन्म १९०७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. कॉलेजात गेली इंग्लिश शिकायला आणि मध्येच बायॉलॉजीकडे वळली. (आपल्याकडे ब्रांच बदलून बघा!) वडील गेल्यावर घर तिच्यावर आलं, म्हणून सरकारी मत्स्य खात्यात नोकरी धरली. पुढे समुद्रावरची पुस्तकं इतकी खपली की १९५२ मध्ये तिने नोकरी सोडली.

१९५८ मध्ये एका मैत्रिणीचं पत्र आलं. डासांसाठी विमानातून डीडीटी फवारलं आणि तिच्याकडचे पक्षी पटापट मेले. रेचल माहिती जमवायला लागली. त्यातली एक गोष्ट चक्क कॉलेज कॅम्पसवरची आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९५४ पासून एल्मच्या झाडांवर रोगासाठी डीडीटी मारत. पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी. बरेच रॉबिन तडफडून मेले. जे जगले त्यांच्या घरट्यांत पिल्लंच दिसेनात. फ्लोरिडात गरुडांची घरटीही अशीच रिकामी राहत होती. म्हणजे पक्षी जिवंत, पण त्याची पुढची पिढीच नाही. १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मधलं मला सगळ्यात भयानक वाटतं ते हेच.

हे सगळं लिहिताना तिला ब्रेस्ट कॅन्सर होता. १९६० मध्ये ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. तिने ते लोकांपासून लपवलं, कारण आजारी बाई केमिकलवर राग काढतेय असं कंपन्यांनी म्हटलं असतं. तरी टीका झालीच. तिला कम्युनिस्टसुद्धा ठरवलं. खरं तर सगळी कीटकनाशकं बंद करा असं तिचं म्हणणंच नव्हतं, विचार न करता फवारू नका एवढंच होतं. जून १९६३ मध्ये तशा अवस्थेत ती सिनेटच्या कमिटीसमोर बोलली. एप्रिल १९६४ मध्ये गेली, वय फक्त ५६.

गरुड-ससाण्यांची अंडी वाया का जात होती, हे तिला कळलंच नाही. १९६७ मध्ये ब्रिटनच्या डेरेक रॅटक्लिफने संग्रहातली जुनी अंडी नव्यांशी ताडून पाहिली. साधारण १९४७ पासून ससाण्याच्या अंड्याचं कवच पातळ झालं होतं. डीडीटीचं शरीरात डीडीई होतं आणि त्यामुळे कवचाला कॅल्शियम कमी पडतं. आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं चिरडतं.

अमेरिकेने शेतीतलं डीडीटी १९७२ मध्ये बंद केलं. आपल्याकडे त्यासाठी १९८९ उजाडलं.