डहाणूचे कापरेकर आणि तुमचा रखडलेला लूप

बोईसरहून डहाणू लोकल पकडलीत की वाणगाव जातं आणि डहाणू रोड येतं. याच डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. प्रोग्रॅमिंग शिकताना ६१७४ चा प्रोग्रॅम लिहिलाय ना? ते ६१७४ वाले हेच.

नसेल लिहिला तर आधी गंमत बघा. चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. तारापूरची अणुवीज सुरू झाली ते साल घेऊ, १९६९. ९९६१ वजा १६९९ म्हणजे ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. तिथून गाडी हलतच नाही. कुठलाही आकडा घ्या, सात पायऱ्यांच्या आत इथेच येणार.

कापरेकर आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ ला बीएस्सी झाले. पुढची डिग्री नाहीच. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर! ६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या घेऊन घर चालवलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला नाव कळलं. मास्तर तोवर सत्तरीचे झाले होते. १९८६ मध्ये ते देवळालीतच गेले.

आता तुमच्या कोडकडे या. ०००० ते ९९९९ लूप फिरवायचा, सारख्या अंकांचे दहा वगळायचे, उरलेल्या ९९९० आकड्यांची प्रत्येक पायरीला स्ट्रिंग करायची, सॉर्ट करायची, परत आकडा करायचा. स्लो वाटलं की आपण लगेच नमपाय शोधतो. थांबा, आधी कागद घ्या. उतरत्या क्रमातल्या पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक गुणिले ९९९, मधल्या दोघांतला फरक गुणिले ९०. दोन्हींची बेरीज हीच ती वजाबाकी. मधला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असूच शकत नाही, त्यामुळे जोड्या बनतात फक्त ५४. म्हणजे ९९९० ऐवजी ५४ आकडे तपासले की काम झालं, १८५ पटीने कमी.

चार अंकांत हे जाणवणारही नाही म्हणा. आठ अंकांवर जा. दहा कोटींचा लूप ७१४ वर येतो! फक्त तिथे व्हाईल लूप जपून लिहा. मुक्काम एकच नाही, ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१ असे दोन आहेत, आणि काही आकडे तर कुठेच न थांबता गोल गोल फिरत राहतात.