पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : देवळे बांधली आणि सांभाळलीही

आपल्या दिंद्रुड गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सहकार्याने होत आहे, ही आपणां सर्वांस आनंदाची गोष्ट आहे. अशा मंगल प्रसंगी ज्यांचे स्मरण प्रथम व्हावे त्या म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. महाशिवरात्रीला आपण परळीस वैजनाथाच्या दर्शनाला जातो. त्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनीच केला. तेव्हा त्यांचे चरित्र आपणांस परके नाही.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. हे गाव आपल्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे. १७३३ साली सुभेदार मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मालेराव व मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. परंतु १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अहिल्याबाई सती जावयास निघाल्या, तेव्हा वृद्ध मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. सुनेला त्यांनी मुलाप्रमाणे मानून राज्यकारभार शिकविला. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले. अशा स्थितीत १७६७ साली अहिल्याबाईंनी दौलतीचा भार शिरावर घेतला व नर्मदाकाठी महेश्वर येथे राजधानी केली.

महेश्वरास त्यांनी घाट, मंदिरे व वाडा बांधला, तसेच विणकर आणून वसविले. तेथील लुगडी आजही प्रसिद्ध आहेत. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर १६६९ साली पाडले गेले होते. ते सुमारे एकशे दहा वर्षांनी, १७८० साली, अहिल्याबाईंनी पुन्हा उभे केले. सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर अशी त्यांची कामे देशभर आहेत. यांतील कित्येक ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हती, तेथे अंमल दुसऱ्यांचा होता. तरीही जिथे यात्रेकरू जातो तिथे निवारा व पाणी हवे, एवढाच विचार त्यांनी केला.

या सर्वांस पैसा कोठून आला, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. होळकरांकडे दौलत व खासगी अशी दोन खाती होती. दौलतीचा पैसा फौजेचा व राज्याचा. खासगी म्हणजे राणीच्या नावे असलेल्या गावांचे उत्पन्न. सासूबाई गौतमाबाईंकडून ते अहिल्याबाईंकडे आले. धर्मकार्याचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. तहसील कचेरीत कागदपत्रे हाताळताना आम्हांस रोज अनुभव येतो की, एका खात्याचा पैसा दुसऱ्यात मिसळला की चांगले कामही संशयात सापडते. अहिल्याबाईंच्या कामावर तो डाग पडला नाही.

दुसरी गोष्ट देखभालीची. देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजा, दिवाबत्ती व अन्नछत्र चालावे म्हणून वर्षासने व जमिनी लावून दिल्या. दक्षिणेतील देवस्थानांस दरवर्षी गंगेचे पाणी जात असे. उन्हाळ्यात वाटसरूंना आणि शेतात राबणाऱ्या बैलांनाही पाणी मिळावे अशी व्यवस्था होती.

एवढा मोठा कारभार पाहणाऱ्या या बाईंचे मन घरातल्या माणसांत गुंतलेले होते. आलमपूर येथे त्यांनी सासऱ्यांची छत्री बांधली. पुढे एकुलता एक नातू गेला, जावई यशवंतराव फणसे गेले, आणि १७९१ साली मुक्ताबाई सती निघाल्या. सासऱ्यांनी एकदा आपल्याला विनविले होते, तसेच अहिल्याबाईंनी लेकीला विनविले. परंतु लेक थांबली नाही. पदरी कोणी उरले नाही. तरीही गेलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरास सुंदर वास्तू उभारली आणि कारभार अखेरपर्यंत चालविला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

२०२५ साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. आपल्या मंदिरासाठी कोणी हजारो रुपये दिले, कोणी पायलीभर ज्वारी दिली, कोणी चार दिवस अंगमेहनत केली. या प्रत्येकाची नोंद वहीत राहावी आणि ती वही कोणासही पाहता यावी. मंदिराच्या उत्पन्नातील काही भाग दरवर्षी डागडुजी व दिवाबत्तीसाठी बाजूला ठेवावा. नाहीतर आज लावलेला रंग उडेल आणि आपल्या नातवंडांना पुन्हा वर्गणीची पावती पुस्तके घेऊन दारोदार फिरावे लागेल.

अहिल्याबाईंसारखी कामे आपल्या हातून होणार नाहीत, पण त्यांच्यासारखा चोख हिशेब ठेवणे आपल्या हाती आहे. तशी बुद्धी आपणां सर्वांस लाभो, हीच ग्रामदैवताच्या चरणी नम्र प्रार्थना.