छत्रपती शाहू (पहिले)

छत्रपती शाहू (१८ मे १६८२ – १५ डिसेंबर १७४९) हे मराठा साम्राज्याचे पाचवे छत्रपती, छत्रपती संभाजी महाराज व महाराणी येसूबाई यांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे नातू होत. वयाच्या सातव्या वर्षापासून सुमारे साडेसतरा वर्षे ते मोगलांच्या कैदेत होते. सुटकेनंतर त्यांनी चार दशकांहून अधिक काळ राज्य केले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज त्यांच्याहून वेगळे होत.

जन्म व कैद

शाहूंचा जन्म माणगावनजीक गांगवली येथे झाला. त्यांचे मूळ नाव शिवाजी असे होते. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली. त्यानंतर मोगल सैन्याने रायगडास वेढा घातला. येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज गडाबाहेर पडले. पुढे ते जिंजीस पोहोचले आणि राज्य टिकले. गड मात्र नोव्हेंबर १६८९ मध्ये पडला. येसूबाई व बाल शाहू यांना पुणे प्रांतातील कोरेगाव येथील बादशाही छावणीत नेण्यात आले. पित्याचा जेथे अंत झाला ते तुळापूर तेथून जवळच होते.

छावणीतील जीवन

औरंगजेबाने शाहूंना राजा हा किताब व सात हजारांची मनसब दिली. परंतु नजरकैद कायम ठेवली. बादशहाची छावणी दख्खनभर फिरत असे आणि तिच्याबरोबर हे बंदिवानही फिरत. मुलाचे संगोपन येसूबाईंच्या देखरेखीखाली झाले. बादशहाची कन्या झीनतउन्निसा हिनेही त्यांना ममतेने वागवले. त्यांच्यावर धर्मांतराचे संकट आले असता प्रतापराव गुजर यांच्या पुत्रांनी त्यांच्याऐवजी धर्मांतर स्वीकारले व ते संकट टळले, असे मराठी इतिहासकार नोंदवतात.

सुटका

१७०७ च्या आरंभी औरंगजेबाचा अहमदनगर येथे मृत्यू झाला. शाहू परतल्यास मराठ्यांत दुही माजेल, या हिशेबाने शाहजादा आझमशहाने मे १७०७ मध्ये भोपाळजवळ दोराहा येथून त्यांना जाऊ दिले. मातोश्री येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. दक्षिणेत आल्यावर शाहूंनी खुलताबाद येथे औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले. ज्याच्या आज्ञेने पित्याचा वध झाला त्याच्याच कबरीस दिलेली ही भेट त्यांच्या चरित्रातील लक्षणीय घटना मानली जाते. यात काहींना मनाचे औदार्य दिसते, तर काहींना बादशाही वर्चस्वाची राजकीय मान्यता दिसते.

गृहकलह व राज्याभिषेक

महाराणी ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरवून त्यांचा हक्क नाकारला. ऑक्टोबर १७०७ मध्ये पुण्याच्या उत्तरेस खेड (आजचे राजगुरुनगर) येथे लढाई झाली. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाल्याने त्यांचा विजय झाला. १२ जानेवारी १७०८ रोजी सातारा येथे त्यांचा राज्याभिषेक झाला. १७१३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे त्यांनी बाळाजी विश्वनाथ यांस पेशवेपद दिले. बाळाजींच्या दिल्ली मोहिमेमुळे १७१९ मध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. त्याच वर्षी येसूबाईही जवळजवळ तीस वर्षांच्या बंदिवासानंतर स्वराज्यात परतल्या.

विरोधकांशी वर्तन

कोल्हापूरच्या छत्रपती संभाजींचा पराभव झाल्यावर त्यांच्या गोटातील राजस्त्रिया शाहूंच्या हाती लागल्या. स्वतःचे बालपण कैदेत गेलेल्या शाहूंनी त्यांना सन्मानाने परत पाठवले. ताराबाई स्वेच्छेने साताऱ्यास राहिल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने चुलतबंधूंमधील दीर्घ कलह मिटला व दोन्ही राज्यांच्या सीमा ठरल्या.

मृत्यू व मूल्यमापन

१५ डिसेंबर १७४९ रोजी सातारा येथे त्यांचे निधन झाले. कृष्णा–वेण्णा संगमावर माहुली येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्यानंतर सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्यास सरकले. १७३२ मध्ये पूर्ण झालेला शनिवारवाडा त्या सत्तेचे प्रतीक ठरला. शाहूंनी स्वतः फारशा मोहिमा केल्या नाहीत व कारभार पेशव्यांवर सोपवला, असा आक्षेप घेतला जातो. तथापि माणसांची पारख, दिलेल्या शब्दाची चाड आणि पराभूतांविषयीची क्षमाशीलता यांमुळे परस्परांत भांडणारे सरदार त्यांच्या छत्राखाली एकत्र राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत मराठ्यांची सत्ता नर्मदेपलीकडे माळवा, गुजरात व बुंदेलखंडापर्यंत पसरली.