आग्नर क्रारुप एर्लांग

डेन्मार्क देशांतील लोनबोर्ग नांवाच्या खेड्यांत, तेथील शाळामास्तरांच्या घरीं, १ जानेवारी १८७८ रोजीं एर्लांग यांचा जन्म झाला. मातोश्री धर्मोपदेशकांच्या कुळांतील होत्या. रात्रीं वडील बंधु पुस्तक वाची, आणि आग्नर समोर बसून तेंच पुस्तक उलट्या बाजूनें वाची. (आमच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेच्या आदल्या रात्रीं हा प्रयोग करूं नये!)

१९०१ सालीं कोपनहेगन विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं सात वर्षें शाळांतून शिकविलें. पुढें येन्सन नामक गणितज्ञ इंजिनियरांच्या ओळखीनें ते १९०८ सालीं कोपनहेगन टेलिफोन कंपनींत गेले.

तारा थोड्या, बोलणारे पुष्कळ, हा त्या कंपनीपुढील प्रश्न होता. कोण केव्हां टेलिफोन उचलील हें एका माणसाविषयीं सांगतां येत नाहीं. पण हजारोंच्या समुदायाविषयीं त्याचा हिशेब करतां येतो, हें एर्लांगांनीं १९०९ सालीं दाखविलें. १९१७ सालीं त्यांनीं आपलीं प्रसिद्ध सूत्रें दिलीं. समजा, एका गांवांत दर तासास सरासरी एक तासभर बोलण्याची मागणी येते. तार एकच असल्यास निम्मे लोक विन्मुख जातात. दोन असल्यास पांचांतील एक. तीन असल्यास सोळांतील एकच! हें गणित आम्हांस फार मनोरंजक वाटतें.

हल्लींच्या बिनतारी जाळ्यांत संदेशाचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेटें, रांगेंत उभीं असतात. तेथें अडचण ही कीं, भिंतीआड बसलेल्याची लहर क्षीण असते. त्यास पाळी देऊनही पॅकेट वाटेंत बिघडतें. म्हणून त्याची पाळी तेवढ्यापुरती दुसऱ्यास उसनी देतात, आणि लहर सुधारतांच ती त्यास परत करवितात. असे न्यायाचे नियम १९९० नंतरच्या दशकांत रचले गेले. एर्लांग तोंवर हयात नव्हते. मात्र रांगेच्या शास्त्राचा पाया त्यांनींच घातला होता.

तारांची मोजणी करण्यास ते स्वतः रस्त्याखालच्या भुयारांत उतरत. मागून एक मजूर शिडी घेऊन चाले. ते अविवाहित राहिले. गरजू लोक त्यांस भेटावयास कचेरींत येत, आणि ते कोणाचा बभ्रा न होऊं देतां त्यांस पैसे देत. सुमारें वीस वर्षें आजारपणाची एकही रजा न घेतलेले हे गृहस्थ, शस्त्रक्रियेनंतर ३ फेब्रुवारी १९२९ रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं वारले.

१९४६ सालीं टेलिफोनच्या भाराच्या परिमाणास त्यांचें नांव देण्यांत आलें. एक तार अखंड गुंतलेली राहील इतका भार म्हणजे एक एर्लांग; वर आम्हीं कल्पिलेल्या गांवाचा भार बरोबर तेवढाच आहे.