थंडाव्याचे शिल्पकार : विलिस कॅरियर

वैशाखांत अकोल्याचा व अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां वाळ्याचे पडदे भिजविल्यावांचून दुपार कंठणें कठीण होतें. अशा आम्हां वऱ्हाडकरांस, हवा व पाणी यंत्रानें हवें तितकें थंड राखण्याची विद्या ज्यांनीं पुढें नेली, त्या विलिस कॅरियर यांचें चरित्र जिव्हाळ्याचें वाटावें यांत नवल नाहीं.

कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत, अँगोला येथें एका शेतकरी कुटुंबांत झाला. लहानपणीं विलिसला अपूर्णांक कांहीं केल्या उमगेनात. तेव्हां आईनें त्यास तळघरांतून सफरचंदें आणावयास सांगितलें आणि त्यांच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश अशा फोडी करून त्यांचीच बेरीज-वजाबाकी त्याजकडून करविली. मोठें कोडें लहान लहान भाग करून सोडवावें, हा धडा त्याच्या मनावर कायमचा ठसला. तो अकरा वर्षांचा असतांना आई वारली. धडा मात्र जन्मभर पुरला.

कॉर्नेल विद्यापीठाची पदवी १९०१ सालीं मिळवून ते बफेलो येथील एका कारखान्यांत नोकरीस लागले. दुसऱ्याच वर्षीं ब्रुकलिनमधील एका छापखान्याचें काम त्यांच्याकडे आलें. दमट हवेनें कागद फुगे, कोरड्या हवेनें आकसे, आणि एकावर एक छापावयाचे रंग नेमके जुळेनात. कॅरियर यांनीं थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यांतील बाष्प काढण्याची योजना आंखली. पुढें सूतगिरण्यांतही त्यांचीं यंत्रें गेलीं. कोरड्या हवेंत धागा तुटतो, हें कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडास सांगावयास नको. १९१५ सालीं सहा सहकाऱ्यांसह त्यांनीं स्वतःची कंपनी काढली, आणि १९२२ सालीं वेगानें फिरणाऱ्या चाकानें वायु दाबून पाणी थंड करणारें त्यांचें यंत्र लोकांपुढें आलें. ७ ऑक्टोबर १९५० रोजीं ते निवर्तले.

त्याच जातीचीं यंत्रें आज मोठमोठ्या इस्पितळांतून व कचेऱ्यांतून चालतात. त्यांत एक द्रव्य कमी दाबाखालीं उकळतें व पाण्याची उष्णता शोषून घेतें. पाणी साधारणतः ७ अंशांपर्यंत थंड करतात. तें फार खालीं गेलें कीं धोक्याची घंटा वाजते. कारण ० अंशास पाणी गोठतें, गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें, आणि नळ्या फुटून यंत्र निकामी होतें. उतावळा माणूस घंटा बंद करून यंत्र पुन्हां चालूं करतो. जाणता कारागीर प्रश्नाच्या फोडी करतो. पाणी खरोखरच इतकें थंड आहे, कीं तापमापकच चुकतो? दुसरा लावून पाहावा. पाणी पुरेसें वाहतें ना? गाळणी तुंबली असेल, झडप अर्धवट मिटली असेल, पंप मंदावला असेल. प्रवाह ठीक असल्यास, तें उकळणारें द्रव्य गळून कमी तर झालें नाहीं? तसें झाल्यास दाब उतरून नळ्या गोठणबिंदूच्याही खालीं जातात. कीं यंत्र ज्या अंशावर लावलें, तो अंशच फार खालचा आहे? एकेक फोड वेगळी केली म्हणजे दोष आपोआप हातीं लागतो.

विद्यार्थिमित्रहो, गणित अडलें म्हणून वही मिटणें हें घंटा बंद करण्यासारखेंच आहे. आणि पालकांस आमची एवढीच विनंती, कीं मूल अडलें असतां रागें भरण्यापूर्वीं क्षणभर त्याच्याजवळ बसावें. सफरचंद घरांत नसलें तरी वऱ्हाडांत संत्र्यांस तोटा नाहीं. आणि त्याच्या फोडी तर निसर्गानेंच करून ठेविल्या आहेत.