शितावरून भाताची परीक्षा

घरी भात शिजत असतो. तो शिजला की नाही हे पाहण्यासाठी आई पातेल्यातील सगळा भात बाहेर काढत नाही. भात नीट ढवळते, चार शिते बोटांनी दाबून पाहते आणि पातेले खाली उतरवते. यावरूनच ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण मराठीत आली. थोडे पाहून साऱ्याची पारख करायची, ही ती युक्ती. ही युक्ती आपल्या अफाट देशाच्या कामी लावणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस.

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्त्यात झाला. त्यांचे घराणे ब्राह्मो समाजाचे आणि सुधारक विचारांचे होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ साली ते पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेले. त्यांना लंडनमध्ये शिकायचे होते. एके दिवशी ते केंब्रिज पाहायला गेले आणि परतीची शेवटची गाडी चुकली. रात्री एका मित्राकडे मुक्काम पडला. केंब्रिजची सुंदर वास्तू त्यांना फार आवडली होती. मित्राने तेथेच प्रवेश घेण्याचे सुचवले आणि ते तेथेच राहिले. गणिती रामानुजन तेव्हा केंब्रिजमध्ये होते. दोघांची चांगली मैत्री जमली.

१९१५ साली प्रशांतचंद्र परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. थोडे दिवस मायदेशी जाऊन यावे असा त्यांचा बेत होता. पण पहिले महायुद्ध चालू असल्याने जहाज सुटायला उशीर होत होता. त्या रिकाम्या वेळात त्यांच्या एका अध्यापकांनी त्यांना संख्याशास्त्राच्या एका मासिकाचे अंक दाखवले. प्रशांतचंद्रांना ते इतके आवडले की त्यांनी सारे अंक विकत घेतले आणि जहाजावर वाचत वाचत ते भारतात आले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवू लागले. पण मन मात्र आकड्यांत रमले.

आकडे हे कोरडे नसतात, त्यांच्यामागे माणसांचे सुखदुःख असते, हे त्यांना लवकरच दिसून आले. १९२६ साली ओरिसात मोठा पूर आला. नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, म्हणून काठचे बांध उंच करावेत, असे इंजिनिअरांचे मत होते. प्रशांतचंद्रांनी सुमारे साठ वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आलेले नाही, नदीच्या वरच्या भागात झालेला अतिशय जोराचा पाऊस हेच पुराचे कारण आहे, असे त्यांनी दाखवून दिले. बांध वाढवून पैसा वाया गेला असता.

१९३१ साली त्यांनी कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. संस्था म्हणजे काय, तर कॉलेजातील एक खोली! पहिल्या वर्षी खर्चाला अडीचशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. पण काम मोठे होते आणि लवकरच त्याची कसोटी लागली.

बंगालचे मोठे पीक म्हणजे ताग. लाखो शेतकऱ्यांचे पोट त्यावर चाले. यंदा किती जमिनीवर ताग लावला आहे, हे सरकारला आणि व्यापाऱ्यांना आधी कळणे जरुरीचे होते. पण मिळणारे आकडे म्हणजे बरेचसे अंदाजच असत. प्रत्येक शेत मोजायचे तर हजारो माणसे आणि अमाप पैसा हवा. मग करावे काय?

प्रशांतचंद्रांनी ठरवले, सारी शेते पाहायची नाहीत. फक्त काहीच पाहायची. यालाच नमुना पाहणी म्हणतात. ‘नमुना’ हा शब्द तर मूळचा फारसीतला आहे! पण येथे एक मोठी अडचण होती. पातेल्यातील भात ढवळलेला असतो, म्हणून कोणतेही शीत घेतले तरी चालते. बंगालची शेते कोण ढवळणार? पाहणी करणारा माणूस सडकेजवळची, सोयीची किंवा नजरेत भरणारी शेतेच निवडील, तर सारा हिशेब चुकेल.

यावर उपाय चिठ्ठ्यांचा. चिठ्ठी टाकताना प्रत्येकाचे नाव निघण्याची संधी सारखी असते. तेथे आवड-नावड चालत नाही. प्रशांतचंद्रांच्या संस्थेत गावांचे नकाशे घेऊन त्यांवर असेच, मनाचे काही न चालवता, अंकांच्या साहाय्याने लहान लहान तुकडे निवडले जात. तुकडा दलदलीत असो की नदीपलीकडे, तेथे जाऊनच नोंद करायची, असा नियम होता. निवड माणसाच्या मर्जीवर न सोडणे, हेच जणू भात ढवळणे होते.

तरीही नोंद करणाऱ्याची चूक झाली तर? घरी बसूनच कोणी आकडे भरले तर? यासाठी त्यांनी एक नवी पद्धत काढली. एकाच भागासाठी दोन वेगवेगळे नमुने निवडायचे. एक नमुना एका तुकडीने पाहायचा, दुसरा दुसऱ्या तुकडीने. दोघांचे निकाल जवळजवळ आले तर विश्वास ठेवायचा. फार फरक पडला तर कोठेतरी पाणी मुरते आहे, असे समजायचे.

१९३७ साली लहान प्रमाणावर सुरू झालेली ही पाहणी दरवर्षी वाढत गेली आणि १९४१ साली साऱ्या बंगाल प्रांतात झाली. लोकांना मात्र शंका होती. थोडीच शेते पाहून साऱ्या प्रांताचे पीक कसे कळणार? पुढे सरकारने प्रत्येक शेताची मोजणीही करून पाहिली. तिला सुमारे ८२ लाख रुपये लागले, तर नमुना पाहणीला सुमारे ८ लाख. नंतर व्यापाराचे खरे आकडे हाती आले, तेव्हा सगळ्यांना नवल वाटले. नमुना पाहणीचा आकडाच खऱ्याच्या अगदी जवळ होता! हजारो नवख्या माणसांनी घाईने केलेल्या मोजणीपेक्षा थोड्या शिकवलेल्या माणसांनी नीट केलेली पाहणी सरस ठरली.

१९४३ साली बंगालात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे दगावली. त्यानंतर प्रशांतचंद्रांच्या संस्थेने गावोगावी नमुना पाहणी केली. किती कुटुंबांची जमीन गेली, किती जणांची गुरे गेली, किती जण देशोधडीला लागले, हे त्यातून जगापुढे आले.

देश स्वतंत्र झाला. गरिबी हटवायची तर लोक काय खातात, किती कमावतात, हे आधी कळायला हवे होते. १९५० साली प्रशांतचंद्रांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांतून पहिल्या फेरीसाठी १८३३ खेडी निवडण्यात आली. भाषा निराळ्या, वजने-मापे निराळी, वाटा जंगलातून. पण कार्यकर्ते घरोघरी पोहोचले.

प्रशांतचंद्रांचे सगळेच म्हणणे सर्वांना पटले असे मात्र नाही. पिकाचे उत्पन्न काढण्यासाठी ते शेताचा फार लहान तुकडा कापून पाहत. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले, की तुकडा फार लहान असला तर कडेची रोपे त्यात धरली जातात आणि उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त दिसते. दोघांचा हा वाद बरीच वर्षे चालला. अशा वादातूनच शास्त्र पुढे जाते.

१९४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. देशाच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६८ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. २००७ सालापासून २९ जून हा त्यांचा जन्मदिवस देशात सांख्यिकी दिन म्हणून साजरा होतो.

आपणही रोज थोड्यावरून साऱ्याचा निवाडा करतो. दोन माणसे पाहून सारा गाव कसा आहे ते सांगतो, एक दिवस पाहून सारी शाळा कशी आहे ते ठरवतो. असे करण्याआधी प्रशांतचंद्रांची आठवण ठेवावी. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण भात आधी नीट ढवळलेला हवा.